मंडपातल्या टीव्हीवर सरकणारी नावं: पी फाइव्ह जेएस वापरून बघितल्यावर

बेळगावच्या वडगावात आमचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळं गल्लीतल्या गणपती मंडळाची पावतीपुस्तकं, पत्रिका, बॅनर सगळं इथंच होतं. यंदा पोरांनी वेगळं काम आणलं. मंडपात टीव्ही लावायचा, वर आरतीची वेळ आणि खाली वर्गणीदारांची नावं सरकत ठेवायची, आणि एक पट्टी मराठी तर एक कन्नड पाहिजेच, कारण आमच्या गल्लीत दोन्ही वाचणारी माणसं राहतात.

गेल्या वर्षी भाड्यानं एलईडीचा रनिंग बोर्ड आणला होता. त्यात मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटायची, पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाऊन बसायची, आणि वर्गणी देणारा माणूस उभा राहून म्हणायचा, "काय ओ, हे माझं नाव हाय व्हय?" त्याचं बरोबरच होतं. पैसे दिलेत त्यानं, नाव तरी नीट दिसायला पाहिजे की नाही.

म्हणून यावेळी पी फाइव्ह जेएस (p5.js) घेतलं, म्हणजे थोडा कोड लिहून स्क्रीनवर चित्रं-अक्षरं काढायचं आणि हलवायचं टूल. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे. मूळ प्रोसेसिंग नावाचा प्रोग्रॅम केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केला, त्याचाच हा ब्राउझरमधला अवतार, २०१३ मध्ये लॉरेन मॅकार्थी यांनी चालू केलेला. कोडिंग न शिकलेल्या, चित्र-डिझाइनवाल्या माणसाला जमावं म्हणून बनवलंय आणि ते खरंच जाणवतं. कोडचे दोन भाग असतात: सेटअपमध्ये लिहिलेलं एकदाच चालतं, ड्रॉमध्ये लिहिलेलं सेकंदाला साधारण ६० वेळा. ड्रॉमध्ये आधी बॅकग्राउंड पुसायचा, मग अक्षरं काढायची, मग एक्सची, म्हणजे ओळ आडवी कुठं सुरू होते त्या आकड्याची, किंमत थोडी कमी करायची, झालं, ओळ डावीकडं सरकायला लागते. सगळी ओळ बाहेर गेली की एक्स परत उजव्या कडेला. ओळ किती लांब आहे ते टेक्स्टविड्थ सांगतं, अंदाज करायला लागत नाही. पहिली ओळ सरकवायला मला अर्धा तास पण लागला नाही.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इंग्रजीत शिकवणारे हे सांगत नाहीत. स्क्रोल करायची एक पद्धत म्हणजे ओळीतलं पहिलं अक्षर काढून शेवटी चिकटवायचं, परत तेच. इंग्रजीत चालतं. मराठीत 'श्री' म्हणजे आपल्याला एक अक्षर, पण कंप्युटरला श, हलंत, र आणि दीर्घ वेलांटी असे चार तुकडे. श काढला की मागं नुसता हलंत राहतो आणि स्क्रीनवर टिंबांचा गोल येतो. बेळगावमधला ब काढा, मात्रा लोंबकळत राहते. त्यामुळं अक्षर हलवायचं नाही, अख्खी ओळ पिक्सेलनं सरकवायची. इथंच हे टूल मला आवडलं, कारण साध्या टेक्स्टची जोडणी ते स्वतः करत नाही, ब्राउझरवर सोडतं, आणि ब्राउझरला देवनागरीची जोडाक्षरं पण येतात आणि कन्नडची खाली लागणारी ओत्ताक्षरं पण. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड हे फॉन्ट कंप्युटरवर इन्स्टॉल केले, टेक्स्टफॉन्ट या कमांडमध्ये त्यांची नावं दिली, दोन्ही पट्ट्या पहिल्या फटक्यात बरोबर.

फॉन्टची फाइल लोडफॉन्ट या कमांडनं आत घेतली मात्र सगळं बिघडलं. माझं व्हर्जन १ च्या मालिकेतलं आहे, त्यात अशा फॉन्टची अक्षरं ते स्वतः काढायला जातं आणि एलईडी बोर्डवाला तोच घोळ परत. मराठीवाल्यांनी तो रस्ता धरूच नये. आणि व्हर्जन २ घेतलं तर जुन्या धड्यांतलं प्रीलोड (फाइली आधीच आत घेऊन ठेवायचा भाग) त्यात नाही, ते पण बघून घ्या.

यादीचं काम डोकं खाणारं होतं. जुनी मराठी यादी श्री-लिपी या सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडीत, दोन्ही युनिकोडच्या (आता सगळीकडं चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीच्या) आधीच्या पद्धतीनं टाइप केलेल्या, पेस्ट केलं की नुसता कचरा. युनिकोडमध्ये बदलून प्रत्येक नाव पावतीशी जुळवून बघितलं. घाई करू नका इथं, कन्व्हर्टर रफार हमखास चुकवतो.

मग स्पीड. नावं २४०, एक नाव मधल्या जागेसकट साधारण ३५० पिक्सेल, म्हणजे ८४,००० पिक्सेलची ओळ. सेकंदाला १४० पिक्सेल ठेवले तर आजीबाई पण आरामात वाचतात, पण एक फेरी १० मिनिटांची होते, आणि एवढा वेळ मंडपात कोण थांबणार? म्हणून १२०-१२० च्या दोन पट्ट्या केल्या, ५ मिनिटांत सगळे येऊन जातात. आणि ती लांबलचक ओळ दर वेळी अख्खी काढायला लावली तर मंडळाचा जुना लॅपटॉप अडखळायला लागला, तेव्हा प्रत्येक नावाची रुंदी सुरुवातीलाच एकदा मोजून ठेवली आणि फक्त स्क्रीनवर असलेली नावं काढली. फ्रेममागं, म्हणजे ड्रॉच्या प्रत्येक फेरीला, ठरावीक पिक्सेल सरकवण्यापेक्षा डेल्टाटाइम वापरा, त्यात मागच्या फ्रेमपासून किती मिलिसेकंद गेले ते कळतं, लॅपटॉप मंद असला तरी स्पीड तोच राहतो.

अजून एक अडचण म्हणजे मंडपात नेट नाही. स्केच (यात लिहिलेल्या प्रोग्रॅमला स्केच म्हणतात) डाउनलोड करून पी फाइव्हची लायब्ररी फाइल पण फोल्डरमध्येच ठेवली. पण नावांची वेगळी टेक्स्ट फाइल लोडस्ट्रिंग्ज या कमांडनं वाचायला गेलं की, एचटीएमएल नुसतं डबल क्लिक करून उघडल्यावर, ब्राउझर ती फाइल वाचू देत नाही. नावं स्केचमध्येच लिहून टाकली. हे नवीन माणसाला कळेल असं कुठंतरी ठळक सांगायला पाहिजे होतं, माझी एक अख्खी रात्र गेली यात.

पट्टीची उंची पण सढळ ठेवा, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा लोडफॉन्टसाठी कापला. आसपासच्या कुठल्या मंडळाला पाहिजे असेल तर यादी युनिकोडमध्ये टाइप करून पेनड्राइव्हवर घेऊन या, फाइल देतो, पैसे नकोत.