फॅन क्लच नवा बसवावा की इलेक्ट्रिक फॅन लावावा?

फॅन क्लच म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरणाऱ्या रेडिएटरच्या पंख्याला गरजेप्रमाणे पकड देणारा भाग. तो गेला की हा प्रश्न पडतोच. आधी क्लच खरंच गेलाय का ते बघा: इंजिन बंद करून, गरम असतानाच पंखा हाताने फिरवा. अजिबात अडखळण न जाणवता गरगर फिरला, किंवा बेअरिंगभोवती तेलकट काळा थर दिसला, तर आतलं सिलिकॉन ऑइल गळालंय.

मेहनत म्हणाल तर क्लच सोपा. वॉटर पंपावरचा मोठा नट सोडवायचा. काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी मॅन्युअल बघाच. पंखा आणि रेडिएटर यांच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा, पाना निसटला तर जाळी वाचते. इलेक्ट्रिक फॅनला रिले (मोठा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच), फ्यूज, जाड वायर, तापमानाचा स्विच असं सगळं लागतं. खर्च तिथेच वाढतो, आणि अल्टरनेटरला (गाडीत वीज तयार करणाऱ्या भागाला) भार पेलायला हवा तो वेगळाच.

टिकाऊपणात मला क्लच जास्त भरवशाचा वाटतो. तो बहुधा हळूहळू ढिला पडतो, तापमानाचा काटा वर सरकताना कळतं. रिले किंवा फ्यूज मात्र न सांगता जातो. ट्रॅफिकमध्ये इलेक्ट्रिक सरस, कारण इंजिन मंद चालू असतानाही तो पूर्ण वेगाने हवा ओढतो.

ओझं वाहणाऱ्या, घाट चढणाऱ्या गाडीला क्लचच ठेवा. शहरात रांगेत अडकणारी हलकी गाडी असेल आणि वायरिंगचा हात पक्का असेल, तरच इलेक्ट्रिक.