याजकपद काढून घ्यायचं की ‘प्रार्थना आणि प्रायश्चित्त’?

मुलांवर अत्याचार केल्याचं सिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मगुरूचं चर्चने काय करायचं? वाटा मुख्यतः दोन.

पहिली, याजकपद म्हणजे धर्मगुरूचं पद कायमचं काढून घेणं. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) नाही, झगा नाही, ‘फादर’ म्हणवून घेणं नाही. २०१९च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनचे माजी आर्चबिशप थिओडोर मॅकॅरिक यांच्यावर हीच कारवाई झाली. शिक्षा स्पष्ट आहे, पण मेख पुढे आहे. पद गेलं की तो माणूस साधा नागरिक होतो आणि बिशपचा, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या प्रमुखाचा, त्याच्यावरचा अधिकारही जवळपास संपतो. उद्या तो कुठे राहतो, शेजारी कोणाची मुलं आहेत, हे पाहणार कोण? तुरुंगात असेल तर ठीक, नसेल तर चर्चने हात झटकले असंच म्हणायचं.

दुसरी वाट, ‘प्रार्थना आणि प्रायश्चित्त’, म्हाताऱ्या किंवा आजारी गुन्हेगारांसाठी वापरली जाते. पद नावापुरतं राहतं, सार्वजनिक सेवा बंद, एखाद्या मठात एकांतवास. नजर ठेवता येते, हे खरं. पण खर्च बहुधा चर्चचाच, म्हणजे भाविकांच्या दानपेटीतला. चिलीच्या फर्नांडो करादिमा या धर्मगुरूला २०११मध्ये हीच शिक्षा मिळाली. पीडित गप्प बसले नाहीत. अखेर २०१८मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याचं याजकपद काढलंच.

मला विचाराल तर पहिलीच, पण पोलिसांकडे सगळी कागदपत्रं सोपवून. आणि अशा धर्मगुरूला एका पॅरिशमधून (स्थानिक चर्चच्या विभागातून) दुसरीकडे गुपचूप हलवणाऱ्या बिशपचं काय? या दोन्ही वाटांवर तो कुठेच भेटत नाही.