देवरुखात अकरा महिने : शांतता दहापैकी नऊ, व्होल्टेज १६५

हा अनुभव जूनमध्येच लिहून होत आला होता आणि त्यात सगळं गोड गोड होतं. ऑगस्टमध्ये इन्व्हर्टरची बॅटरी बसली, आणि निम्म्याहून जास्त मजकूर खोडावा लागला.

रत्नागिरी जिल्ह्यातलं देवरुख कुठे आहे, संगमेश्वर रोड स्टेशनहून किती वळणं लागतात, तालुका संगमेश्वर असून कचेऱ्या देवरुखात का, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. तेव्हा ते वगळतो.

आधी शांतता, कारण लोक तिच्यासाठीच येतात. ती आहे, पण बारमाही नाही. नोव्हेंबर ते मे इतकी, की चढावर एस.टी.नं गिअर बदललेला घरात कळतो. जूनपासून मात्र सगळं छपरावर अवलंबून. कौलांवर पाऊस घुमतो, तरी माणसांचं बोलणं चालू राहतं. गळती थांबवायला स्लॅबवर जी पत्र्याची शेड घालतात, तिच्याखाली वरच्या मजल्यावरची खोली असेल तर जोराच्या सरीत फोन कानाला लावून उपयोग नाही. घरून काम करणाऱ्यांनी खालची, आतली खोली धरावी. संक्रांतीची मार्लेश्वरची यात्रा, शिमग्यातल्या पालख्या आणि गणपतीत आलेले चाकरमानी, एवढं सोडलं तर बाजारात गाडी कुठेही लागते. दुपारी बरीचशी दुकानं बंद असतात. साडेबाराला फ्यूज उडाला तर वायर चारनंतर मिळेल, असं धरून चालावं.

आता वीज. वीज जाते याची तक्रार नाही. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तारा झाडीतून गेलेल्या, ओल्या इन्सुलेटरवर फांदी टेकली की फीडर (गावाकडे येणारी मुख्य लाइन) ट्रिप होणारच. लोक इन्व्हर्टर घेतात तो त्यासाठीच. आम्हीही घेतला: ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची उंच ट्युब्युलर बॅटरी. कागदावर हिशेब सोपा. बारा व्होल्ट गुणिले दीडशे म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी ऐंशी टक्क्यांच्या पुढे रिकामी करायची नाही आणि इन्व्हर्टर स्वतः वीसेक टक्के खातो, म्हणजे हातात साधारण ११५० उरतात. दोन साधे पंखे, चार एलईडी आणि राउटर मिळून १९० वॅट. सहा तास आरामात.

प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये चाळीस मिनिटांत लाल दिवा. डीलर म्हणाला, ‘तुमच्याकडे लाइट फार जाते, बॅटरी डीप डिस्चार्ज (पार रिकामी) झालीय, वॉरंटीत बसणार नाही.’ कंपनीच्या हेल्पलाइनवर तीन वेळा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा नंबर वेगळा मिळाला. माणूस आला, हायड्रोमीटर (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणारी नळी) बुडवला, फोटो काढले, गेला. पंधरा हजारांची वस्तू नऊ महिन्यांत भंगार होते म्हटल्यावर माणूस जेवढा चिडेल तेवढे चिडलो, आणि इथे कंपनीच्या नावानं चार परिच्छेद लिहून ठेवले होते.

ते परिच्छेद काढले. (वॉरंटीचं रडगाणं खरंच आहे, पण मूळ दुखणं दुसरीकडे निघालं.)

इन्व्हर्टरच्या पाठीमागे नखाएवढा एक सरकता स्विच असतो. एका बाजूला ‘यूपीएस’, दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’. बसवणारा बहुतेक वेळा तो यूपीएसवर ठेवून जातो, कारण त्यात वीज गेल्यावर कम्प्युटर बंद पडत नाही. पण यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर साधारण १८० ते २६० व्होल्टच चालवून घेतो. त्याखाली गेलं की खांबावर वीज असूनही तो घर बॅटरीवर टाकतो. नॉर्मल मोड शंभरेक व्होल्टपर्यंत तग धरतो. आमच्यासारख्या लाइनच्या शेवटच्या घरात संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज १६५ ते १७५ असतं. शेजाऱ्याचा बल्ब लागलेला, आपलेही दिवे लागलेले, घरात कुणाला शंका नाही. आणि बॅटरी मात्र रोज तीन तास राबतेय. १९० वॅट गुणिले तीन म्हणजे ५७०, इन्व्हर्टरचा खर्च धरून सातशेच्या वर. एकूणाच्या चाळीस टक्के बॅटरी रोज संध्याकाळी संपते, वीज न जाता. त्यावर रात्री खरोखर वीज गेली की उरलेलंही जातं, आणि सकाळी भरून व्हायच्या आत पुढची संध्याकाळ येते. अर्धवट भरलेल्या प्लेटवर सल्फेट घट्ट बसतं, मग बॅटरी आधीइतकी भरत नाही. दीडशे एएचची बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास सलग हवेत. पावसाळ्यात ते क्वचित मिळतात.

खूण ओळखायची ती अशी: खांबावर वीज आहे, मिक्सर सुरू केला तर तो रडत फिरतो, आणि इन्व्हर्टरवर ‘मेन्स’चा दिवा बंद, ‘बॅटरी’चा चालू. स्विच नॉर्मलवर सरकवा. पंखा थोडा हळू फिरेल, एवढंच. एलईडी, लॅपटॉपचा चार्जर यांना १६५ चालतं. राउटर मात्र वीज जाऊन घर बॅटरीवर जाताना कधी कधी पुन्हा सुरू होतो. त्याला बारा व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस लावावा, हजार-बाराशेत मिळतो. घेण्यापूर्वी राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा, काही राउटर नऊ व्होल्टचे असतात. डेस्कटॉप असणाऱ्यांनी इन्व्हर्टर यूपीएसवर न नेता त्याच्यापुरता वेगळा यूपीएस घ्यावा.

फ्रिज इन्व्हर्टरवर नकोच. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर सुरू होताना धापा टाकतो, जास्त करंट ओढतो, तापतो. त्याला १४० पासून काम करणारा स्टॅबिलायझर लागतो. पाण्याच्या एक एचपी मोटरचं तेच. १६५ वर ती फिरत नाही, नुसती गुणगुणते, आणि दोन-तीन मिनिटं तशीच ठेवली तर वाइंडिंग जळतं. आधी कपॅसिटर गेला असं समजून लोक तो बदलत राहतात. मोटर पहाटे पाचला लावा, तेव्हा २३५ मिळतं.

तरीही १६५ का? इथे मत पुन्हा बदललं. आधी वाटलं, लाइनच लांब, डीपी (ट्रान्सफॉर्मर) दूर, इलाज नाही. मग तीनशे रुपयांचं मल्टिमीटर घेऊन इस्त्री लावून बघितली. संध्याकाळी घरातलं सगळं बंद करून व्होल्टेज घ्या. मग हजार वॅटची इस्त्री लावून पुन्हा घ्या. तीन-चार व्होल्टांनी उतरलं तर तुमची तार ठीक आहे, दोष पुढे लाइनमध्ये आहे. पंधरा-वीसनं उतरलं तर खांबापासून मीटरपर्यंत कुठेतरी सैल किंवा गंजलेला जोड आहे. आमचं अठरानं उतरलं. बहुतेक वेळा तो खांबावरचा पिळून बांधलेला सर्व्हिस वायरचा (खांबावरून घरात येणाऱ्या तारेचा) न्यूट्रल, म्हणजे परतीच्या तारेचा जोड, निघतो: ॲल्युमिनियमची तार, पावसाचं पाणी, वर पांढरी भुकटी. काम वायरमनचंच, स्वतः शिडी लावायची नाही. पण अर्ज करताना नुसतं ‘व्होल्टेज कमी’ लिहू नका. ‘लोडविना १८३, एक किलोवॅटवर १६५, न्यूट्रल-अर्थ १६ व्होल्ट’ असं लिहा. आकडे दिले की माणूस थेट पक्कड आणि क्लॅम्प घेऊन येतो. नवा जोड झाल्यावर संध्याकाळचं व्होल्टेज १८२ वर आलं. सोन्यासारखं नाही, पण चालतं.

सैल न्यूट्रल साधी गोष्ट नाही, हे वेगळं सांगतो. तो वर तीन फेजच्या लाइनवर पूर्ण तुटला तर एका फेजच्या घरात व्होल्टेज ३५०-४०० च्या दिशेनं चढू शकतं, आणि टीव्ही, फ्रिज, इन्व्हर्टर एका दमात जातात. वादळात फांदी पडून नेमकं हेच होतं. म्हणून मीटरनंतर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवा. वरची मर्यादा २६५, खालची १५०. खालची १७० ठेवली तर रोज संध्याकाळी अंधार. शिवाय पुन्हा चालू व्हायचा वेळ किमान १८० सेकंद ठेवा, नाहीतर फ्रिजचा कॉम्प्रेसर मरेल.

विजा. मे अखेर आणि ऑक्टोबर हे धोक्याचे. त्यासाठी डीबीत (घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीत) टाइप-२ चा एसपीडी, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारं उपकरण, पण अर्थिंग नसेल तर तो शोभेचा डबा. आणि जांभ्यात (इथल्या लाल दगडात) अर्थिंग अवघड असतं: पावसात छान लागतं, एप्रिलमध्ये दगड कोरडा ठाक पडला की रेझिस्टन्स वर जातो. खड्डा विहिरीच्या किंवा मोरीच्या पाण्याच्या वाटेवर घ्या, मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या ओता. फायबर आल्यापासून टेलिफोनच्या तारेतून येणारा झटका गेला, पण डिशची केबल अजून आहे. गडगडाट सुरू झाला की तीच आधी काढावी.

बाकीचं भराभर. बुरशी जुलैपासून चामड्याच्या पट्ट्यावर, चष्म्याच्या घरावर, पुस्तकांच्या बांधणीवर येते. कपाटात पाच वॅटचा जुना पिवळा बल्ब सतत ठेवला तर कपडे वाचतात, एलईडीची ऊब पुरत नाही. कळीच्या चुन्याचा डबाही चालतो, महिन्याला बदलावा लागतो. माकडं कौलं सरकवतात. मेमध्ये कौलं परतून घेताना पन्नास जादा आणून ठेवा, जुलैत त्याच मापाची मिळत नाहीत. फुरसं हा इथला खरा धोक्याचा साप, छोटा, दगडाखाली बसणारा. रात्री अंगणात टॉर्च आणि बूट, आणि चावलाच तर बांधाबांधी न करता सरळ ग्रामीण रुग्णालय. विहिरीचं पाणी एप्रिलमध्ये तळाला जातं. जांभा पाणी धरत नाही, पावसाचं आकडेवारीतलं कौतुक मे महिन्यात कामाला येत नाही. रेल्वेनं जायचं तर पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू धावतात. जूनचं तिकीट काढताना वेळ पुन्हा तपासावी.

खर्च म्हणाल तर भाडं, भाजी, दूध सगळं शहराहून स्वस्त, यात वाद नाही. पण विजेभोवतीचा खर्च कुणी सांगत नाही: बॅटरी, स्टॅबिलायझर, प्रोटेक्टर, एसपीडी, अर्थिंग, मिनी यूपीएस मिळून तीसेक हजार. दोन साधे पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज खाणारे) लावले, सहा हजार त्याचे. ते आधीच लावले असते तर १९० चा लोड शंभरावर आला असता आणि बॅटरी एवढी दमली नसती. घर बघायला येणारे दारातून डोंगर दिसतो का विचारतात. त्यांनी खांब मोजावेत. डीपीपासून तिसऱ्या खांबावरचं साधं घर हे बाराव्या खांबावरच्या दुमजली घरापेक्षा बरं, आणि बघायला जायचं ते सकाळी नाही, संध्याकाळी आठला, खिशात मल्टिमीटर घेऊन.

गुण: आधी शांततेला नऊ आणि विजेला दोन दिले होते. स्विच आणि जोड यानंतर विजेला पाच.

नवी माहिती, ऑक्टोबर: जुनी बॅटरी फेकली नाही. डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरलं, सलग दोन दिवस चार्जवर ठेवली, मग हायड्रोमीटर. पाच सेल १.२३० ते १.२४०, चौथा १.१९५. अजून एकदा चार्ज केल्यावर चौथा १.२१०. पंखा आणि दोन दिव्यांवर काल तीन तास चालली. चौथा सेल पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणार. तोवर नवीन घेतलेली नाही.