जुन्या हॉटेलच्या जिन्यावरचं प्रकाशशिल्प: काच की अ‍ॅक्रिलिक?

रिस्टोअर केलेल्या जुन्या हॉटेलच्या जिन्यावर टांगायचं शिल्प कशाचं करावं यात अडकला असाल तर आधी छत बघा, कारण काच घनमीटरला साधारण 2500 किलो भरते आणि अ‍ॅक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक) 1190च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच आकाराला निम्म्याहून कमी वजन. जुन्या प्लास्टरवर मात्र दोन्हीपैकी काहीच टांगू नका, भार थेट तुळईवर, तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच.

खर्चात अ‍ॅक्रिलिक स्वस्त, पण साफसफाईत खरी गंमत कळते. कोरड्या फडक्याने घासलं की बारीक चरे पडतात, स्टॅटिकमुळे धूळ परत चिकटते, आणि अल्कोहोलवाला क्लीनर लागला तर केसासारख्या भेगा. काच पुसली की झालं, फक्त प्रत्येक तुकड्याला वेगळी सेफ्टी वायर हवीच. आणि अ‍ॅक्रिलिक जळतं, जिना ही बाहेर पडायची वाट, त्यामुळे फायरवाल्यांशी आधीच बोला.

दिवे दोन्हीत एलईडी, 2700 केल्विन म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे, आणि त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर हात पोचेल तिथे. पण फुंकलेल्या काचेतल्या बुडबुड्यांनी उजेडाला जो जिवंतपणा येतो तो अ‍ॅक्रिलिकला नाही येत, मला तरी कधी दिसला नाही.

तुळया दणकट आणि शिल्प कायमचं असेल तर काचच घ्या. छत नाजूक, आकार मोठा किंवा काही वर्षांनी बदलायचंय, तर अ‍ॅक्रिलिक.