खोका दोन बोटांवर उचलला, तिथंच कळायला हवं होतं

घरात वायफाय बसवायला घेतलेली केबल ९,२००, नेटचा स्विच ७,८००, मजुरी ११,५०० आणि एका पाहुण्याच्या लॅपटॉपची भरपाई ४,५००. एकूण ३३,००० रुपये पाण्यात. अॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय लांबवर पोचवणारे डबे, तेवढे मी स्वतः आणले होते, म्हणून ते अस्सल.

गोव्यात मांद्र्याला आमच्या घराच्या सहा खोल्या पर्यटकांना देतो. भिंती चिऱ्याच्या, एका राऊटरचं वायफाय पडवीपलीकडे जात नाही. म्हणून चार अॅक्सेस पॉइंट, आणि त्यांना वीजही नेटच्याच केबलमधून. चवथ झाली होती, सीझन तोंडावर, म्हापशाचा दुकानदार ओळखीचा. मला खुळा म्हणण्याआधी हे लक्षात घ्या.

३०५ मीटर कॅट-सिक्स, म्हणजे नेटच्या केबलचा खोका तांब्याचा असेल तर दहा-बारा किलो सहज भरतो. फिटरचा पोरगा तो दोन बोटांवर उचलून शिडी चढला. आणि मी काय म्हणालो? 'दम आहे रे पोरात!' वर त्याला सोलकढी दिली. संध्याकाळी जमिनीवर तारांचे तुकडे पडले होते, वरून तांबूस आणि कापलेल्या टोकाला पांढरे. ते झाडूनही मीच काढले.

अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, दुसरं काही नाही. अशा तारेत विजेला विरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे लांबच्या टोकाला व्होल्टेज पडतं. सहावी खोली सत्तर मीटरवर. रात्री पाहुणे व्हिडिओ लावायचे आणि अॅक्सेस पॉइंट बंद-चालू, बंद-चालू. फिटर फोनवर म्हणे, 'पात्रांव, भिऊं नाका, अपडेट जाता तें.' महिनाभर अपडेटच! केबल घेताना टोक सोलून ब्लेडने खरवडा. दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

स्विच त्याहून भारी. खरा पीओई, म्हणजे नेटच्या केबलमधूनच वीज देणारा स्विच समोरच्या यंत्राला वीज हवी का ते आधी तपासतो, मगच सोडतो. हा न विचारता ४८ व्होल्ट सोडत होता. पाहुण्याने त्यात लॅपटॉप जोडला आणि पोर्ट जळला. खोक्यावर ८०२.३एएफ किंवा ८०२.३एटी हे मानक छापलेलं नसेल, नुसतं 'पीओई' असेल, तर हात लावू नका. एएफमध्ये पोर्टला १५.४ वॅट, एटीमध्ये ३०. सगळे पोर्ट मिळून किती, तेही विचारा.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, 'वायफाय चालतं ना?' चालतं, पण... 'मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला.' हेल्पलाइनवर बाईंनी तक्रारीचा नंबर दिला, तीन आठवड्यांनी मेसेज आला की तक्रार निकाली. कोणी निकाली काढली, कशी, देव जाणे! तिसऱ्या दारात साहेबांनी जेवणाच्या सुट्टीनंतर यायला सांगितलं, आणि नंतर म्हणाले, 'पक्कं बिल?' ते माझ्याकडे नव्हतं. अठरा टक्के जीएसटी वाचवायला, म्हणजे ५,१३० रुपयांसाठी, मी साध्या कागदावरचा आकडा मान्य केला होता. करतात सगळेच. पण साहेबांचा चेहरा असा, जणू चोर मीच. पक्कं बिल घ्याच. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही.

उरलेली केबल परवा भंगारवाल्यापुढे टाकली. त्याने वेटोळं हातात झेललं, तागडी काढलीही नाही.

'पात्रांव, हें तांबें न्हय.'