फ्यूजन कॅम: आमच्या व्हीएमसीवर दीड वर्ष वापरून

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीनशॉप हाय, एकच थ्री अ‍ॅक्सिस व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं मिलिंग मशीन), ते चालवणारा कंट्रोलर फॅनुक कंपनीचा, जरा जुना, आणि काम बहुतेक हायड्रॉलिकच्या मॅनिफोल्ड ब्लॉकचं, म्हणजे तेल जायला आतनं होलं पाडलेल्या ठोकळ्यांचं. आधी प्रोग्राम मशीनवरच हातानं टाकायचो, पण आता पार्टीवाले ड्रॉइंग सोडून डायरेक्ट स्टेप फाईलच (थ्रीडी मॉडेल) पाठवतात आणि उद्या माल पायजे म्हणतात, मग कॅम, म्हणजे मॉडेलवरनं मशीनचा प्रोग्राम काढणारं सॉफ्टवेअर, घेणं भागच पडलं. आता ऑटोडेस्कचं फ्यूजन वापरतोय. बेळगावात माझ्यासारखे बरेचजण ह्याच विचारात हायत म्हणून लिहितोय.

फ्यूजनच्या आधी एक दुसरं पॅकेज घेतलं होतं. डेमोत फाईव्ह अ‍ॅक्सिसचा इंपेलर कापताना बघितला आणि अ‍ॅडव्हान्स देऊन टाकला. पण आमच्या कंट्रोलरचा पोस्ट (टूलपाथ, म्हणजे टूलची वाट, मशीनच्या कोडमध्ये बदलणारा भाग) काय येईना, आला तेव्हा अर्धवट. एम१० चा टॅप (आटे पाडायचं टूल) होता, पिच दीड, एस म्हणजे फेरे ३०० ला एफ म्हणजे फीड ४५०, हिशोब सगळा बरोबर, पण आमच्या मशीनला रिजिड टॅपिंगसाठी (फेरे आणि फीड एकमेकाला बांधून आटे पाडणं) जी८४ ह्या टॅपिंगच्या कोडच्या आधी एम२९ लागतो तो पोस्टमधनं आलाच नाही. ऑपरेटर अण्णा "निल्लिस्री, निल्लिस्री" (थांबवा, थांबवा) ओरडत धावले तोवर टॅप तुटून आत बसला होता, आणि बाकी सगळी होलं झालेला ब्लॉक भंगारात गेला. लई वाईट वाटलं त्या दिवशी.

म्हणून सांगतो, टूलपाथ स्क्रीनवर सगळ्यांचाच छान दिसतो, त्याचा जी कोड (मशीनला कळणारा प्रोग्राम) करतो तो पोस्ट प्रोसेसर आधी बघा. फ्यूजनचं मला हेच आवडलं, पोस्टची लायब्ररी फुकट हाय, फॅनुक, सिमेन्स, हास सगळं मिळतं, पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये असल्यामुळं उघडून बदलता येतो. रिजिड टॅपिंग तर नुसता ऑप्शन निवडायचा. ड्रिलिंगला एक होल निवडून त्याच डायाची बाकीची सगळी एका टिकमध्ये घेता येतात, ब्लॉकवाल्यांचा निम्मा वेळ तिथंच वाचतो.

अ‍ॅडॅप्टिव्ह रफिंगही (जादा धातू भराभर काढणं) चांगलं, टूलवर लोड सारखा राहतोय, फक्त प्रोग्राम लांबलचक होतो. आमच्या कंट्रोलरला मेमरी २५६ केबी, त्यात मावत नाही. स्मूदिंग चालू केलं की बारीक बारीक लाईनींच्या जागी आर्क येतात आणि फाईल बरीच कमी होते.

फुकटच्या पर्सनल लायसनवर धंदा करू नका, ते व्यवसायासाठी नाहीच, वर त्यात रॅपिड मूव्हसुद्धा (न कापता टूल भरकन हलवणं) कापायच्या सावकाश फीडनं जाते आणि टूल चेंज एका प्रोग्राममध्ये येत नाही, सात टूलच्या ब्लॉकला सात फायली. तुमच्याकडं सॉलिडवर्क्स (डिझाइनचं सॉफ्टवेअर) आधीच असेल तर सॉलिडकॅम बघा, ते त्याच्या आतच चालतं. अगदीच बजेट नसेल तर फ्रीकॅड हाय, साध्या पॉकेट आणि ड्रिलिंगला चालून जातं, पण पोस्ट स्वतः तपासायची तयारी पायजे.

आणि फ्यूजनचं सिम्युलेशन पोस्टच्या आधीच्या टूलपाथचं असतं, निघालेल्या जी कोडचं नव्हे, त्यामुळं नवीन प्रोग्राम असला की अण्णा पहिल्यांदा झेड १०० मिमी वर उचलून सिंगल ब्लॉकवर, म्हणजे एकेक ओळ करत, हवेतच चालवून बघतात. डेमोला जाताना पेनड्राइव्हमध्ये आपलाच ब्लॉक घेऊन जावा, समोर बसून कोड काढून घ्या आणि तो आधी आपल्या ऑपरेटरला दाखवा.