सिडकोतली दळणाची महिना स्कीम, दीड वर्ष वापरून

नाशिकमधल्या आमच्या सिडकोतल्या गिरणीबद्दल लिहितोय. नाव टाकत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि परवा दळण तिथेच जायचंय.

मी अंबडला कंपनीत, मिसेसचा पण जॉब, त्यामुळे दळण म्हणजे आमच्याकडे रविवारचं ठरलेलं भांडण. संध्याकाळी सहाला डबा ठेवायचा, आठला गेलं की "अजून सात डबे पुढे आहेत", आणि मधेच लाइट गेली की विषयच संपला. शेवटी घरघंटी घ्यायचं जवळपास ठरवलं आणि गिरणीवाल्या काकांना सहज तसं बोललो, तर म्हणे थांबा, पुढच्या महिन्यापासून मीच डबा न्यायला पाठवतो. आमच्या गल्लीत तोपर्यंत चार घरघंट्या आल्या होत्या, त्यामुळे काकांना पण काहीतरी करणं भागच होतं.

तर स्कीम अशी की महिन्याचे पैसे आधी द्यायचे, आपला वार ठरलेला, सकाळी पोरगा दारातून डबा नेतो आणि संध्याकाळी पीठ परत. डब्याच्या बुडाला ऑइल पेंटने नंबर टाकलाय, आमचा 43, झाकणावर पण तोच (आधी झाकणं बदलायची, कुणाचं तरी एक अजून आमच्याकडे आहे). किलोमागे दोन-तीन रुपये जास्त पडतात, मला चालतं.

आता घरपोच काय, सगळेच करतात. पण काकांनी धंदाच उलटा केलाय हे मला जरा उशिरा कळलं. आधी दिवसभर गिरणी रिकामी आणि संध्याकाळी तीन तास झुंबड, त्यात एकाचा गहू झाला की लगेच दुसऱ्याची हरभरा डाळ मग परत गहू, म्हणजे आपल्या पोळ्यांत थोडं बेसन फुकट. आता सकाळीच सगळे डबे हातात असतात म्हणून आधी सगळा गहू सलग काढतात, मग ज्वारी-बाजरी, डाळ एकदम शेवटी. पीठ खरंच सुधारलंय. आणि पैशाचं बघा, आधी मेसवाल्यांची उधारी वहीत तुंबलेली असायची, आता आम्हीच काकांना आगाऊ देतो. जातं तेच, मोटर तीच.

मी विचारलं, स्वतःच्या नावाने आट्याची पाकिटं का नाही काढत? तर म्हणाले पाकीट करून लेबल लावलं की 5 टक्के जीएसटी (18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकला लागला तो), सुट्ट्याला नाही, वर गहू विकत घेऊन पैसे अडकवा आणि दुकानात मोठ्या ब्रँडशी मारामारी करा. "तुमचा गहू तुमच्या डब्यात, मला त्याची काळजी नको." कॉमर्स न शिकलेल्या माणसाचं हे गणित आमच्या कंपनीतल्या स्टोअरवाल्यांना ऐकवायला पाहिजे.

दुपारी मशीन मोकळी असते तेव्हा भाजणी करतात, त्यासाठी रोस्टर (भाजायचं मशीन) घेतलाय पीएमएफएमई योजनेतून, म्हणजे छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना, त्यात खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान होतं. कागदपत्रांबद्दल काका जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. थालीपीठाची भाजणी एक नंबर. आपल्याकडे खानदेशातली घरं भरपूर म्हणून कळण्याचं (ज्वारीत उडीद घालून केलेलं) पीठ पण ठेवतात, उडीद जरा हात राखून टाकलाय असं माझ्या आईचं मत.

आता तक्रारी. ही स्कीम गव्हाचा विचार करून बनवलीये. पहिल्या थंडीत महिन्याची सगळी बाजरी एकदम दळून आली, पंधरा दिवसांत पीठ कडू, आईने भाकरी तोंडात घातली आणि ताट सरकवलं. बाजरीत तेल असतं, पीठ टिकत नाही, हे काकांना माझ्यापेक्षा जास्त माहितीये तरी! भांडल्यावर आता आठवड्याला दोन किलो नेतात. दुसरं, पोरगा गरम पिठावर लगेच झाकण दाबतो, घरी उघडलं की झाकणाला आतून पाणी आणि वरच्या पिठाच्या गुठळ्या. चार वेळा सांगितलं. आणि दिवाळीत स्कीमवाल्यांचे डबे आधी, म्हणून दोन किलो चकलीची भाजणी घेऊन आलेल्या एका आजींना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, ते मला नाही आवडलं. थोडं दळण असणाऱ्यांसाठी आता दुपारी तीन ते पाच वेळ ठेवलीये पण नोकरीवाल्याने तेव्हा कसं जायचं?

गहू जास्त लागत असेल तर डोळे झाकून घ्या, चार स्टार. ज्वारी-बाजरीवालं घर असेल तर आधीच आठवड्याचं बोलून घ्या. आईला मात्र स्कीम पटलेली नाही, गिरणीत सगळ्या गल्लीच्या बातम्या मिळायच्या त्या बंद झाल्या म्हणते, म्हणून ती अजून हळद-तिखटाचं निमित्त काढून स्वतः जाते आणि तासभर येत नाही.